प्रोफेसरांचा पुरवणी अर्थसंकल्प

फेब्रुवारीच्या अखेरीला संध्याकाळी रेडिओवर देशाचा अर्थसंकल्प झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे शेजारी प्रोफेसर हणमंतराव आपल्या घराचा अर्थसंकल्प वाचत. नुसता वाचत नसत. अंगात काळा कोट घालून, दाराबाहेरच्या कट्ट्यावर उभं राहून, घसा खाकरून वाचत. कोटाखाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा असे. कोट कॉलेजचा, लेंगा घरचा. अर्थसंकल्प दोन्हींकडचा असतो, असं ते म्हणत.

घरात माणसं दोनच. प्रोफेसर आणि त्यांची आई, आक्का. दोन माणसांच्या घराला अर्थसंकल्प लागत नाही, हे एवढ्या शिकलेल्या माणसाला कोण सांगणार? उलट साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्या सकाळी कुणी कामाला लवकर जात नसे. आमचे सुभेदार, म्हणजे माझे यजमान, पलटणीतून पेन्शन घेऊन आले तेव्हा बरोबर एक कॅनव्हासची घडीची खुर्ची घेऊन आले होते. खुर्ची त्यांची, म्हणून सभापती ते. आक्का उंबऱ्यावर बसून दाताला मिसरी लावत असत, तो विरोधी पक्ष. आणि मी समोरच्या दारात पदर सावरून उभी. मी कधी बोलत नसे, म्हणून प्रोफेसर भावजींनी मला जनता केलं होतं.

"सभापती महोदय," ते सुरू करत, "या वर्षी दुसऱ्या कप चहावर कर बसवण्यात येत आहे."

"पयला कप तरी कुठं धड आसतूय?" विरोधी पक्ष म्हणे.

"शांतता! शांतता!" सभापती खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटत. एका वर्षी दांडा मोडला आणि सभागृह अर्धा तास तहकूब झालं.

प्रोफेसर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. मूळचे सांगलीकडचे, तासगावच्या बाजूच्या एका खेड्यातले. वडील गेल्यावर आईला ते साताऱ्याला घेऊन आले. लग्न केलं नव्हतं. लग्न हे भाववाढीचं मूळ आहे, असं त्यांचं मत होतं. एका लग्नापायी किती डाळ, किती गूळ, किती कापड बाजारातून उठतं हे ते बोटांवर मोजून सांगत, आणि ऐकणाऱ्याला आपण लग्न करून देशाचं मोठं नुकसान केलं असं वाटू लागे. तेव्हा जगात त्यांना आपलं म्हणावं असं माणूस एकच, आक्का. आणि आक्कांना साताऱ्यात करमत नव्हतं. त्या राहतात की गावाला जातात, हा त्या घरातला खरा प्रश्न होता. बाकीचे सगळे प्रश्न कोट घालून सोडवण्यासारखे होते.

भाववाढीबद्दल प्रोफेसरांचा सिद्धांत मला कळला तो असा. माणसाच्या हातात पैसा खुळखुळला की तो बाजारात जातो. त्याच्या मागून दुसरा जातो. दोघांनी एकाच वांग्याला हात घातला की वांगं महागतं. म्हणून सरकारनं तो पैसा कर लावून हातातून काढून घ्यावा आणि परत कुणाला दाखवू नये. मग वांगं आपोआप खाली येतं.

"मग मान्सानं खायाचं काय?" आमच्या सुभेदारांनी विचारलं होतं.

"तत्त्वतः तो वेगळा विषय आहे," प्रोफेसर म्हणाले.

'तत्त्वतः' हा त्यांचा आवडता शब्द. आणि आवडतं वाक्य, 'मागणी आवरा!' फुग्यासाठी रडणाऱ्या पोराला ते वाकून सांगत, "बाळ, मागणी आवर." पोर आणखी मोठ्यानं रडे. एकदा आमच्याकडे जेवायला बसले असताना सुभेदारांनी तिसरी भाकरी मागितली, तर हे पटकन म्हणाले, "मागणी आवरा, सुभेदार!" त्या दिवशी सुभेदार फार चिडले. "पीठ माझं, चूल माझी, बायको माझी, आन् मागनी ह्यांनी आवरायची! हम फौजी आदमी हैं प्रोफेसर, आमी चौथीबी मागनार!" आणि रागारागानं त्यांनी चार खाल्ल्या. प्रोफेसरांनी पाच खाल्ल्या. बोलण्याच्या नादात त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

तर पहिल्या वर्षीचे कर. दुसरा चहा, विडी, मिसरी आणि जेवणाच्या वेळेला येणारा पाहुणा. झाकणाला भोक पाडलेला एक पत्र्याचा डबा दाराशी टांगला. आमच्यासारखे येणारे-जाणारे हौसेनं त्यात सुट्टे पैसे टाकत. डबा भरला की प्रोफेसर तो माळ्यावर ठेवून दुसरा टांगत. त्यातला पैसा खर्च करायचा नाही, कारण खर्च केला की तो परत बाजारात जाऊन वांग्याला हात घालणार.

थोड्या दिवसांत गल्लीत सुट्टे पैसे मिळेनासे झाले. तेव्हा सुट्ट्यांची टंचाई सगळीकडेच होती, पण प्रोफेसरांनी ती आपल्या खात्यावर घेतली. "पाहा वहिनी, चलन आटलं! आता भाव उतरतील!" भाव काही उतरले नाहीत. कोपऱ्यावरचा वाणी सुट्ट्यांच्या ऐवजी लिमलेटच्या गोळ्या देऊ लागला. सगळ्या गल्लीच्या गालात गोळ्या. मग आक्काही चहाचा कर गोळ्यांतच भरू लागल्या. "वान्याचा सौदा चालतूय, तुजा का न्हाई चालत?" म्हणायच्या आणि भोकातून गोळी आत सोडायच्या. एका सकाळी उठून बघतो तर काळ्या मुंग्यांची रांग आमच्या दारापासून निघून गल्ली ओलांडून थेट सरकारी तिजोरीत चाललेली. प्रोफेसर कितीतरी वेळ कमरेवर हात ठेवून ती बघत राहिले. "तत्त्वतः," ते म्हणाले, आणि डबा उतरवून कट्ट्यावर झटकू लागले.

पण खरं बिनसलं ते मिसरीवरून.

आक्कांची मिसरी म्हणजे सकाळ-संध्याकाळचं देवपूजेसारखं काम. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची, आणि बोटावर घेऊन निवांत दातांवरून फिरवत जगाकडं बघत बसायचं. तिला प्रोफेसरांनी 'चैनीची वस्तू' म्हटलं आणि वर अधिभार लावला. अधिभार म्हणजे काय ते आक्कांना कळलं नाही, पण शिवी असावी असं वाटलं. त्यांनी गठुडं बांधलं आणि माझ्या दारात आल्या.

"सुमन, चल. स्टँडवर बोर्ड वाचायला कुनीतरी पायजे. मी चालले माज्या गावाला."

माझी चौथी झालेली, बोर्ड वाचता येत होता. गठुडं मी घेतलं. आक्का पुढं, मी मागं. तासगावची गाडी लागलेलीच होती. आक्का पायरीवर पाय ठेवतात तोच मागून आरोळी आली, "आये! आये, थांब!"

बघते तर प्रोफेसर. एका गालाला दाढीचा साबण, अंगात बंडी, पायात एक चप्पल. धावायला लागलं की त्यांची पुस्तकी भाषा वाटेतच कुठंतरी गळून पडायची. "आये, आगं कुटं निगालीस?"

"जितं मिसरीला कुनी चैन म्हनत न्हाई तितं."

"पर तत्त्वतः—"

"तुज्या तत्त्वताला आग लाव. तुजा बा गेल्यापास्नं येवडी एकच सवय ऱ्हायलीया माजी. ती बी चैन व्हय रं?"

"दात खराब हुत्यात, आये."

"दात माजं हायती. सरकारचं न्हाईत!"

गाडीतली माणसं खिडक्यांतून माना काढून ऐकत होती. एक म्हातारा फेटेवाला म्हणाला, "बरूबर हाय म्हातारीचं. मिसरी म्हंजी अवशीद." कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. "आज्जे, बसतीयास का उतरतीयास? गाडीला का तुमी कोर्ट समजलाय?"

प्रोफेसरांनी गालावरचा साबण पुसला. "बरं. मिसरी अवशीद. करमुक्त."

"आन् त्यो आदिभार?"

"त्यो बी माफ."

आक्का पायरीवरून उतरल्या. गाडीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना प्रोफेसर अनवाणी पाय उचलत चालले होते, पण चेहरा कसा, लढाई जिंकून आल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर काळा कोट. "सभापती महोदय, पुरवणी अर्थसंकल्प." म्हाताऱ्या माणसांच्या सवयींवर कर बसवू नये, असं त्यांनी जाहीर केलं. त्यानं मागणी घटत नाही, फक्त शिव्या वाढतात. हेच ते पुढं कॉलेजातही शिकवू लागले. करांबाबत सरांचे विचार पालटत चालले आहेत, असं त्यांच्याबरोबरचे प्राध्यापक म्हणत. कशानं पालटले असतील यावर ते तर्क करत. कुणी म्हणे परदेशातलं एखादं पुस्तक वाचलं असेल. सातारच्या स्टँडवर पालटतात, हे आमच्या गल्लीला ठाऊक होतं.

मग दुष्काळ आला आणि त्याच्या मागून महागाई. रॉकेलला रांग, तेलाला रांग. रांग कशाची हे न विचारता माणूस आधी उभा राहायचा आणि मग विचारायचा. प्रोफेसर रांगेच्या कडेनं फिरून 'मागणी आवरा' सांगत, तेव्हा एका बाईनं रिकामी बाटली उगारली. घरी येऊन त्यांनी पाहुण्यावरचा कर वाढवला. आक्कांच्या गावची माणसं सिव्हिल हॉस्पिटलात, कचेरीत कामाला आली की जेवायला आक्कांकडं यायची. कासारीण यायची, स्टो दुरुस्त करणारा यायचा. कर वाढला तशी माणसं लाजून यायची थांबली. प्रोफेसर खूश. "पाहा वहिनी, मागणी आवरली!"

 आक्कांनी भाकऱ्या थापायच्या त्या थापल्या, दुपारभर दाराकडं बघत बसल्या आणि उतरत्या उन्हात गठुडं बांधून माझ्या दारात आल्या. "चल सुमन. ह्या दारात मानूस येत न्हाई. कावळा सुदिक यीना. मी न्हाई ऱ्हात."

त्या दिवशी गाडी सुटतच होती. आक्का चढून खिडकीशी बसल्यासुद्धा. मला रडू यायला लागलं. एवढ्यात प्रोफेसर आले ते सरळ गाडीच्या पुढं दोन्ही हात पसरून उभे राहिले.

ड्रायव्हर ओरडला, "आवं प्रोफेसर, मरायचं हाय का?"

"आये!" प्रोफेसर त्याच्याहून मोठ्यानं ओरडले. "पावना करमुक्त! समदं पावनं करमुक्त!"

गाडीत हशा पिकला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मंग आमी बी यिऊ का जेवायला?"

"या की!" आक्का खिडकीतूनच म्हणाल्या. "भाकऱ्या हायत्या. पिटलं टाकायला किती येळ लागतूय?"

खोटं वाटेल, पण तिघेजण खरंच उतरले. एक कवठेमहांकाळचा मेंढरांचा व्यापारी आणि दोघे भाऊ, जे त्या दिवसापर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. आक्कांनी त्यांना पिठलं-भाकरी वाढली, कांदा फोडला, वर आग्रह केला. भाऊ जेवता जेवता बोलायला लागले. प्रोफेसर पिठाच्या डब्यात डोकावत दाराशी उभे. डब्याचा तळ दिसत होता. त्यांनी तळाकडं पाहिलं, पंगतीकडं पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं.

पुरवणी अर्थसंकल्प त्या संध्याकाळीच झाला. पाहुण्यांसमोर, कोट घालून. "भाववाढ मागणीनं होत नाही, सभापती महोदय. भाकऱ्या कमी पडल्यानं होते! माणसं कमी करू नका. भाकऱ्या वाढवा!"

"बजट पास!" सुभेदार गरजले. मेंढरांच्या व्यापाऱ्यानं काही न कळता हात वर केला.

मग उत्पादन वाढवायचं वेड सुरू झालं. रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत मेथी, कोथिंबीर. कौलांवर दुधीचा वेल. शेवटी कोंबड्या आल्या. कोंबड्यांनी मेथी खाल्ली, दुधी शेजारच्या कौलांवर जाऊन लागला आणि शेजाऱ्यांनी खाल्ला. कोंबड्या अंडी घालायच्या त्या आमच्या कोळशाच्या पाटीत. "वहिनी, तुमच्याकडं उत्पादन झालंय का?" असं विचारत प्रोफेसर रोज सकाळी यायचे. मी मान हलवून पाटी पुढं करायची. गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आक्का तर हसता हसता उंबऱ्यावरच बसायच्या.

वर्षं गेली. चहावरचा कर एकदा आक्कांना ताप आला तेव्हा गेला. विडीचा कर सुभेदारांनी भरायचाच सोडला. माळ्यावरचे डबे उतरवून प्रोफेसरांनी गल्लीतल्या पोरांना दिवाळीला फटाके आणले. साखर एकदम स्वस्त झाली त्या वर्षी अर्थसंकल्पात एकही कर उरला नव्हता. प्रोफेसरांनी कोट घातला, घसा खाकरला, कागद उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "सभापती महोदय, यंदा... सगळं ठीक आहे."

आणि त्याच महिन्यात आक्का गठुडं घेऊन माझ्या दारात आल्या.

"आता काय झालं, आक्का?"

"आमटीत मीठ जास्त झालं म्हनला."

गठुडं मी घेतलं. स्टँडवर जाऊन बाकावर बसलो. तासगावची गाडी लागली. मी म्हटलं, "आक्का, गाडी लागली."

"लागू दी. गर्दी हाय."

गाडीत चार माणसं होती. गाडी गेली. आक्का रस्त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. प्रोफेसरांची कॉलेजात परीक्षेची कामं होती, हे मला माहीत होतं. आज त्यांना कुणी सांगितलं असेल की नाही, कोण जाणे. ऊन उतरलं. दुसरी गाडी लागली.

"ही बी नगं," आक्का म्हणाल्या. "डायवर नवा दिसतुया."

त्याही गाडीनं धूळ उडवली आणि गेली. आक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मी आयुष्यात कुणाच्या घरचं खोदून काही विचारलं नसेल, पण त्या दिवशी विचारलं.

"आक्का, गावाकडं आता कोण हाय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"कोन न्हाई," त्या म्हणाल्या. "पुतन्या मिरजंला गेला. घर इकलं त्यानं. म्होरल्या दारातनं आता दुसऱ्याची मान्सं ये-जा करत्यात."

"मग जाता कुठं?"

"कुटं जातीया?" आक्का हसल्या. "हनम्या पुस्तकातनं मान वर करत न्हाई, सुमन. म्हाइना म्हाइना माज्याशी बोलायचं सुदरत न्हाई त्याला. मी उटून चालले की पळत येतो. ल्हानपनी बी आसाच यायाचा, चड्डी एका हातानं धरून. मी शेताकडं निगाले की मागनं, आये थांब, आये थांब. आता त्याला बायकू न्हाई, पोर न्हाई. कुनाच्या तरी मागं पळाया नगं व्हय त्यानं?"

 मी परत जनता झाले.

एवढ्यात तो आला. प्रोफेसर म्हणते मी, पण त्या क्षणी माझ्या मनात 'तो'च आलं. बगलेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, शर्टाची टोकं बाहेर. स्टँडच्या फाटकातून धावत आला, एका टांग्याला धडकला, टांगेवाल्याला नमस्कार केला आणि आमच्यापुढं येऊन धापा टाकत उभा राहिला.

"आये."

"आलास व्हय? दोन गाड्या गेल्या."

"परीक्षा हुती गं." ते बाकावर टेकले.  मग केविलवाणं तोंड करून म्हणाले, "आये, आता मी काय काढू? समदं कर संपलं. माफ कराय कायसुदिक उरलं न्हाई."

आक्कांनी जरा विचार केला.

"मंग एकादा नवा बसव की."

 प्रोफेसर इतके हसले की बगलेतला गठ्ठा खाली पडला आणि अर्थशास्त्राची उत्तरं स्टँडभर उडाली. आक्का, मी आणि एक हमाल, आम्ही ती गोळा केली. "बसवतो," ते डोळे पुसत म्हणाले. "फुडल्या वर्षी चांगला मोठा बसवतो. तुला राग यील आसा."

परतताना आक्का पुढं चालल्या होत्या, झपझप, आल्या होत्या त्याच्या दुप्पट जोरानं. मी आणि भावजी मागं पडलो. गठुडं त्यांनी माझ्या हातातून घेतलं. थोडं अंतर गेल्यावर हळू आवाजात, अगदी कॉलेजातल्या शुद्ध भाषेत ते म्हणाले, "वहिनी, एक विनंती आहे. गेल्या वर्षी पेपरांच्या कामाला सांगलीला गेलो होतो ना, तेव्हा गावी जाऊन आलो. घर विकलंय. तिथं आता तिचं कुणी नाही. हे मला ठाऊक आहे, हे तिला कळू देऊ नका."

मी मान हलवली.

"मी नाही आलो धावत," ते म्हणाले, "तर तिनं परत कसं यायचं?"

वळणावर आक्का थांबल्या होत्या, कमरेवर हात ठेवून. "हनम्या! पाय उचल की रं! तिन्हीसांज झाली!"

"आलो आये," म्हणाले, आणि एवढंसं अंतर होतं, पण प्रोफेसर धावत गेले.